नायट्रोजनची हकालपट्टी

ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला भूल कशी दिली विचारलं, तर तो बहुधा नाकातोंडावर तळहात धरून दाखवतो. "इथे मास्क लावला, मोठे श्वास घ्या म्हणाले, आणि पुढचं काही आठवत नाही." भेटायला आलेले सगळे मान डोलावतात आणि भूल मास्कमधून आली हे पक्कं होऊन जातं. मोठ्या माणसांच्या बाबतीत ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. भुलेचं औषध सलाइनच्या सुईतून शिरेत गेलेलं असतं. त्याआधी मास्कमधून येत होता तो नुसता ऑक्सिजन. त्याला ना वास, ना चव, ना गुंगी. वास येतो तो मास्कच्या रबराचा किंवा प्लास्टिकचा.

पण जो माणूस स्वतःच्या पायांनी चालत ऑपरेशन थिएटरात आला, ज्याला दम लागत नाही, ज्याच्या बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, त्याला ऑक्सिजन कशासाठी? त्या क्षणी त्याला खरोखरच गरज नसते. गरज लागते त्यानंतरच्या काही मिनिटांत, आणि तेव्हा तो श्वास घेत नसतो.

पूर्ण भूल देताना आधी झोपेचं औषध जातं, बहुधा प्रोपोफॉल. पाठोपाठ स्नायू सैल करणारं औषध. या दुसऱ्या औषधाला हातापायांचे स्नायू आणि श्वासाचे स्नायू यांतला फरक कळत नाही. छाती थांबते, श्वासपटल थांबतं. आता भूलतज्ज्ञाला लॅरिंगोस्कोपने जीभ बाजूला सारून, स्वरयंत्राच्या फटीतून श्वासनलिकेत नळी सरकवायची असते. सगळं सरळ असेल तर हे काम अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकतं. सगळं सरळ नेहमीच नसतं. कुणाची मान आखडलेली, कुणाची हनुवटी मागे, आणि आपल्याकडे तर वर्षानुवर्षं गुटखा-सुपारी खाऊन आकसलेली तोंडं. आदल्या दिवशी तपासताना भूलतज्ज्ञ 'आ' करायला लावून तोंडात तीन बोटं उभी मावतात का पाहतात, ते याच धास्तीने. तरीही काही अडचणी आधी दिसत नाहीत. त्या नळी घालायला गेल्यावरच समोर येतात, आणि तोवर रुग्णाचा श्वास आपण बंद केलेला असतो.

बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरचं प्रसिद्ध जाहीर प्रात्यक्षिक झालं, तेव्हा हा प्रश्न या रूपात नव्हता. ईथर रुग्ण स्वतःच श्वासावाटे ओढून घ्यायचा आणि श्वास चालू राहिला तरच भूल चालू राहायची. १९३४मध्ये थायोपेंटोन आलं आणि शिरेतून काही सेकंदांत झोपवता येऊ लागलं. २३ जानेवारी १९४२ला मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला क्युरारे वापरलं. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणांना लावायचं हे विष. १९५१पासून त्याच कामाचं सक्सिनिलकोलीन आलं, ज्याला आपल्या थिएटरांतून 'स्कोलिन' म्हणतात. वीस वर्षांच्या आत रुग्णाचा श्वास त्याच्या ताब्यातून डॉक्टरांच्या ताब्यात गेला. शल्यचिकित्सेचा त्यातून प्रचंड फायदा झाला, आणि औषध गेल्यापासून नळी बसेपर्यंतची मधली मिनिटं हा नवा धोका तयार झाला.

या मिनिटांचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा आकड्यांत मांडलेला बरा. शांत पडलेल्या प्रौढ माणसाचं शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन खर्च करतं. साधा श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत साधारण अडीच लिटर हवा उरते, निजल्यावर थोडी कमी. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असला, तरी फुप्फुसांच्या तळाशी, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मिसळल्यावर, तो १४ टक्क्यांच्या आसपास उरतो. अडीच लिटरचे १४ टक्के म्हणजे ३५० मिलिलिटर. जेमतेम दीड मिनिटाची बेगमी, आणि तीही शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येत नाही. रक्तात आणखी आठ-नऊशे मिलिलिटर असतो, पण त्यातला थोडाच भाग काढून घेईपर्यंत माणूस निळा पडू लागतो. म्हणून साध्या हवेवर असलेल्या माणसाचा श्वास थांबवला, तर एखाद्या मिनिटातच ऑक्सिमीटरचा आकडा घसरायला लागतो.

आता हीच फुप्फुसं शुद्ध ऑक्सिजनने भरलेली कल्पून पाहा. अडीच लिटरचे ९० टक्के म्हणजे सव्वादोन लिटर, साडेतीनशेच्या जागी सव्वादोन हजार मिलिलिटर. रक्तातला साठा मात्र फारसा वाढत नाही, कारण हिमोग्लोबिन आधीच ९८ टक्के भरलेलं होतं. सगळी कमाई फुप्फुसांत होते. निरोगी प्रौढाला यामुळे श्वास न घेता सुमारे आठ मिनिटं मिळतात. एका मिनिटाची आठ मिनिटं होतात, तीही सुईशिवाय, औषधाशिवाय आणि जवळजवळ फुकट. थिएटरातल्या इतर कुठल्या गोष्टीला इतक्या कमी खर्चात इतकी मुदत विकत घेता येते असं मला वाटत नाही.

उद्या नळाला पाणी येणार नाही असं कळलं की आपण रात्रीच पिंपं, कळशा, बादल्या भरून ठेवतो, तसंच हे. फक्त इथे पिंप रिकामं नसतं. त्यात आधीच नायट्रोजन भरलेला असतो, शरीराच्या काहीही उपयोगाचा नसलेला. आधी तो उपसावा लागतो. भुलेआधी ऑक्सिजन देण्याचं सगळं कौशल्य या उपसण्यात आहे. ऑक्सिजन 'देणं' सोपं आहे, नळी जोडली, चावी फिरवली, झालं. नायट्रोजन पुरता बाहेर घालवणं आणि तो परत आत येऊ न देणं, हे कठीण.

तो किती वेळात जातो? शांत, नेहमीच्या श्वासांनी फुप्फुसातला निम्मा नायट्रोजन साधारण अर्ध्या मिनिटात बाहेर पडतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात उरलेल्याचा निम्मा, मग त्याचाही निम्मा. पहिल्या मिनिटात मोठी मजल मारली जाते आणि नंतरची सुधारणा रेंगाळते. तीन मिनिटांनी नगण्य नायट्रोजन उरतो. १९५५मध्ये हॅमिल्टन आणि ईस्टवुड यांनी हे मोजून दाखवलं: दोन-तीन मिनिटांत ९५ टक्के नायट्रोजन साफ. तेव्हापासून 'तीन मिनिटं' हा भूलशास्त्रातला नेम झाला.

डॉक्टरही माणसंच, आणि बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असतो. तीन मिनिटांचा आडमार्ग शोधला गेला नसता तरच नवल. १९८१मध्ये गोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अर्ध्या मिनिटात चार खोल श्वास घेतले तरी धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन जवळपास तितकाच चढतो. ही युक्ती झपाट्याने पसरली. पण धमनीत ऑक्सिजन चढला म्हणजे साठा झाला असं नाही. १९८७मध्ये गॅम्बी आणि सहकाऱ्यांनी खरा प्रश्न विचारला: श्वास थांबल्यावर कोण जास्त टिकतं? चार श्वासवाले आधी घसरले. कारण साधं आहे. मोठा श्वास घेताना माणूस क्षणात जितकी हवा ओढतो तितकी मशिनमधून येत नाही. तूट भरायला आधी सोडलेली, नायट्रोजन मिसळलेली हवाच परत ओढली जाते.

मधला मार्ग बैरुतमधून आला. अनीस बराका यांच्या गटाने १९९९मध्ये आठ खोल श्वास, एका मिनिटात, आणि ऑक्सिजनचा प्रवाह मिनिटाला दहा लिटर असा प्रयोग प्रसिद्ध केला. हा तीन मिनिटांच्या तोडीचा ठरला. तातडीचं सिझेरियन असेल, बाळाचे ठोके मंदावत असतील, तर आठ श्वासांचं हे मिनिट फार मोलाचं आहे. घाई नसलेल्या हर्नियासाठी मात्र मी तीन मिनिटंच मागेन. आठ खऱ्या अर्थाने खोल श्वास घ्यायला जागा, ताकद आणि शांत मन लागतं, आणि थिएटरच्या टेबलावर आडव्या पडलेल्या भेदरलेल्या माणसाकडे यातलं फारसं काही नसतं.

आता मास्ककडे वळू, कारण वर सांगितलेले सगळे आकडे इथे पाण्यात जाऊ शकतात. मास्क घाबरवतो, म्हणून प्रेमाने तो चेहऱ्यापासून बोटभर वर धरायचा आणि "नुसता ऑक्सिजन येतोय हं, आरामात घ्या" म्हणायचं, ही पद्धत मायाळू आहे आणि बरीचशी निरुपयोगी आहे. त्या बोटभर फटीतून प्रत्येक श्वासागणिक खोलीतली हवा, म्हणजे ७८ टक्के नायट्रोजन, आत येतो. एकीकडे उपसा चालू आणि दुसरीकडे भरणा. पाच मिनिटं असं धरलं तरी फुप्फुसं अर्धवटच भरतात. मास्क नाकाच्या दांडीपासून हनुवटीपर्यंत गच्च टेकला पाहिजे आणि एकदा टेकला की मध्ये उचलता कामा नये. तो नीट बसलाय की नाही याची खूण मशिनला लटकलेल्या रबरी पिशवीवर दिसते. रुग्णाने श्वास घेतला की ती आकसते, सोडला की फुगते. पिशवी नुसतीच टम्म फुगून किंवा लुळी लोंबत राहिली, तर रुग्ण कुठली तरी दुसरीच हवा घेतोय.

घनदाट दाढी ही या बाबतीत जुनी डोकेदुखी. केसांमधून हवा गळत राहते. कुणी मास्कच्या कडेला जेली लावतात, कुणी दाढीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून नाकातोंडापुरती खिडकी ठेवतात, आणि वेळ असेल तर आदल्या दिवशी दाढी काढायला सांगतात. दात नसलेल्या आजोबांचे गाल आत जातात, मास्कला टेकायला काही उरत नाही. कवळी काढून ठेवायची हा वॉर्डातला नियम योग्यच, पण काही भूलतज्ज्ञ मुद्दाम सांगतात की ऑक्सिजन देऊन होईपर्यंत कवळी तोंडातच राहू द्या, झोप लागली की आम्ही काढू. वॉर्डातल्या सिस्टर आणि थिएटरातले डॉक्टर यांच्यात यावरून थोडी रस्सीखेच चालते. गालाला आधार मिळतो, हे खरं.

मग साठा पुरता झाला हे ओळखायचं कसं? इथे आपला लाडका ऑक्सिमीटर दगा देतो. १९७४मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ज्याच्या तत्त्वाचा पाया घातला ते हे यंत्र करोनाच्या साथीत घराघरात पोचलं, आणि ९४च्या खाली गेलं की धावपळ करायची हे शेंबड्या पोरालाही कळलं. पण हे यंत्र हिमोग्लोबिन किती भरलंय एवढंच सांगतं. मास्क लावल्यावर चार-पाच श्वासांतच आकडा १०० होतो आणि तिथेच थांबतो, कारण त्याच्यापुढे आकडाच नाही. फुप्फुसात तेव्हा ५० टक्के ऑक्सिजन असो की ९० टक्के, बोटावर १००च. दीड मिनिटाचा साठा आणि आठ मिनिटांचा साठा यांतला फरक ऑक्सिमीटरला कळत नाही. "शंभर झालं, चला" म्हणून पुढे जाणं ही या कामातली सर्वांत सहज होणारी चूक आहे.

उतरतानाही तो उशिराच बोलतो. हिमोग्लोबिन ऑक्सिजनला बराच वेळ धरून ठेवतं, म्हणून आकडा १०० वरून ९५ पर्यंत रमतगमत येतो, नव्वदच्या खाली गेला की मात्र कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो. त्यात बोटापर्यंत रक्त पोचायला लागणारा वेळ मिळवा. पडद्यावर ९० दिसतं तेव्हा फुप्फुसांतली परिस्थिती त्याहून वाईट झालेली असते.

खरी मोजणी रुग्णाने सोडलेल्या श्वासाची. श्वासाच्या शेवटच्या भागात किती ऑक्सिजन बाहेर येतो हे आधुनिक भूलयंत्र दाखवू शकतं. हा आकडा ९० टक्क्यांच्या घरात गेला की नायट्रोजनची हकालपट्टी पुरी झाली. शंभर कधीच होत नाही, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड आपली जागा घेतातच. ही सोय प्रत्येक छोट्या नर्सिंग होममध्ये असेल असं नाही. नसेल तिथे गच्च मास्क, हलणारी पिशवी आणि भिंतीवरचं घड्याळ या तीन गोष्टींवर भिस्त. घड्याळ पाहायचं म्हणजे खरंच पाहायचं. कामाच्या गर्दीत एक मिनिट सरलं तरी तीन झाल्यासारखी वाटतात.

आठ मिनिटांचा आकडा निरोगी प्रौढाचा, हे विसरून चालत नाही. १९९७मध्ये बेन्युमॉफ आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रतिरूपावरून वेगवेगळ्या रुग्णांचा वेळ काढला. मध्यम आजारी माणसाला पाच मिनिटांच्या आसपास, दहा किलोच्या बाळाला चारही नाहीत, आणि फार लठ्ठ माणसाला तीनही नाहीत. तिकडे स्कोलिनचा असर ओसरून श्वास आपोआप परत यायला याहून जास्त वेळ लागतो. 'नळी नाहीच गेली तर औषध उतरेल आणि तो श्वास घेईल' हा दिलासा अनेक पिढ्यांनी बाळगला होता. लठ्ठ किंवा आजारी रुग्णाच्या बाबतीत तो किती पोकळ होता, ते या हिशेबाने दाखवून दिलं.

लठ्ठ माणसाचं वाईट का? निजलं की पोटाचं ओझं श्वासपटलाला वर ढकलतं आणि फुप्फुसं दबतात. साठ्याची जागाच आक्रसते, आणि शरीर मोठं म्हणून खर्च जास्त. गरोदरपणात तेच. वाढलेलं गर्भाशय जागा घेतं, फुप्फुसात उरणारी हवा सुमारे २० टक्क्यांनी कमी होते, आणि खर्चात बाळाचा वाटा मिळतो. लहान मुलाचा ऑक्सिजनचा खर्च वजनाच्या मानाने मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट. ताप आणि जंतुसंसर्ग असला की कुणाचाही खर्च वाढतो.

दबणाऱ्या फुप्फुसांवरचा उपाय इतका साधा आहे की तो पुरेसा वापरला जात नाही याचं वाईट वाटतं. टेबलाचं डोकं वर करायचं. मेलबर्नच्या डिक्सन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये अतिलठ्ठ रुग्णांचे दोन गट केले. एकाला सपाट निजवून ऑक्सिजन दिला, दुसऱ्याला डोक्याकडून २५ अंश वर करून. सपाट निजलेले सरासरी १५५ सेकंद टिकले, उंचावलेले २०१ सेकंद. पाऊण मिनिटाचा फायदा, केवळ टेबलाचा दांडा फिरवून. गुरुत्वाकर्षण पोटाला खाली ओढतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

तातडीच्या विभागातली गोष्ट थोडी वेगळी. तिथे नळी घालायची वेळ येते ती मुळातच धापा टाकणाऱ्या माणसाला. न्यूमोनियाने फुप्फुसाचा मोठा भाग पाण्याने-पुवाने भरलेला असतो; तिथे हवाच पोचत नाही, मग कितीही शुद्ध ऑक्सिजन दिला तरी साठवणार कुठे? वॉर्डात मिळणारा पिशवीचा मास्क, ज्याला सगळे एनआरबीएम म्हणतात, चेहऱ्यावर सैल बसतो आणि १५ लिटर प्रवाहावरही ६०-७० टक्क्यांपुढे क्वचित जातो. अशा रुग्णाला घट्ट मास्कमधून, व्हेंटिलेटरच्या दाबासह ऑक्सिजन दिला तर मिटलेले वायुकोश उघडतात. याचा पक्का पुरावा अगदी अलीकडचा. अमेरिकेतल्या २४ तातडीच्या आणि अतिदक्षता विभागांत १३०१ रुग्णांवर झालेला 'प्रीऑक्सी' हा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या ऑक्सिजन मास्कवरच्या १८.५ टक्के रुग्णांची नळी घालताना पातळी धोकादायक घसरली. दाबाचा मास्क लावलेल्यांपैकी ९.१ टक्क्यांची. प्रमाण निम्म्यावर आलं. बरं, यंत्र नवं नव्हतंच. करोनात आपण ज्याला 'बायपॅप' म्हणायला शिकलो ते हेच, आणि ते बहुतेक वेळा त्याच खोलीत उभं असतं.

धापा टाकणारा रुग्ण कधी मास्क भिरकावूनही देतो. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि ज्या गोष्टीने बरं वाटेल तीच झटकतो. अशा वेळी केटामीन या गुंगीच्या औषधाची बेताची मात्रा देऊन, श्वास चालू ठेवून, त्याला शांत करायचं. मग मास्क लावून साठा भरायचा, आणि त्यानंतरच स्नायू सैल करायचे, अशी पद्धत न्यूयॉर्कच्या स्कॉट वाइनगार्ट यांनी मांडली. एरवी भूल आणि नळी यांत क्षणाचंही अंतर नको असतं. इथे ते अंतर मुद्दाम वाढवायचं.

आता सर्वांत चमत्कारिक भाग. श्वास पूर्ण थांबल्यावरही ऑक्सिजन आत जात राहतो. छाती हलत नसली तरी रक्त फुप्फुसांतून मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन उचलतंच. बदल्यात कार्बन डायऑक्साइड मात्र जेमतेम दहा-वीस मिलिलिटर परत येतो, बाकीचा रक्तात आणि पेशींत मुरतो. वायुकोशांत त्यामुळे किंचित पोकळी तयार होते आणि वरून, घशातून, जे काही असेल ते आत ओढलं जातं. घशात साधी हवा असेल तर नायट्रोजन येईल. ऑक्सिजन असेल तर ऑक्सिजन. १९५९मध्ये फ्रुमिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आठ रुग्णांवर जे केलं ते आज कुठलीही नीतिमत्ता समिती करू देणार नाही. रुग्ण पुरते नायट्रोजनमुक्त करून, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून, त्यांनी श्वास थांबवून ठेवले. सर्वांत जास्त ५५ मिनिटं. ऑक्सिजन ९८ टक्क्यांच्या खाली गेला नाही. पण कार्बन डायऑक्साइड साचत गेला. एरवी रक्तात ४० मिलिमीटर असणारा त्याचा दाब एका रुग्णात २५० वर पोचला आणि रक्त भयंकर आम्लधर्मी झालं. ऑक्सिजन पुरवणं आणि श्वास देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या ठळकपणे दुसऱ्या कुणी दाखवलं नसेल.

लंडनमध्ये पटेल आणि नूराई यांनी २०१५मध्ये याच तत्त्वाला नवं रूप दिलं. नाकातून, गरम आणि दमट केलेला ऑक्सिजन, मिनिटाला ७० लिटरपर्यंत. करोनातली 'हाय फ्लो' मशिनं वाचकांना आठवत असतील, आणि ती किती ऑक्सिजन पितात म्हणून झालेली चिंताही. ज्यांच्या घशाचं किंवा श्वासमार्गाचं ऑपरेशन होतं अशा २५ रुग्णांत श्वास थांबलेल्या काळाचा मध्यक १४ मिनिटं होता, एकाचा तर ६५. कुणाचीही पातळी ९०च्या खाली गेली नाही. या प्रचंड प्रवाहाने थोडा कार्बन डायऑक्साइडही धुतला जातो.

प्रत्येक थिएटरात असं मशिन असणार नाही, पण नाकात घालायची साधी दुतोंडी नळी सगळीकडे आहे. २०१६मध्ये ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने भारतासाठी मार्गदर्शिका काढल्या. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातल्या तज्ज्ञांचा त्यात पुढाकार होता. नळी घालण्याचे प्रयत्न चालू असताना नाकातून १५ लिटर ऑक्सिजन सोडत राहा, आणि पातळी ९५च्या वर असेल तरच पुन्हा प्रयत्न करा, असं त्यात स्वच्छ सांगितलं आहे. ही शिफारस मला फार शहाणी वाटते, कारण ती तालुक्याच्या गावातही अमलात आणता येते. जागा असलेल्या माणसाच्या नाकात कोरडा, गार १५ लिटर झोत मात्र झोंबतो. म्हणून झोप लागेपर्यंत प्रवाह कमी ठेवतात आणि मग वाढवतात.

शुद्ध ऑक्सिजनविरुद्धही एक तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. नायट्रोजन शरीराच्या उपयोगाचा नाही असं वर म्हटलं, ते पुरतं खरं नाही. रक्त त्याला फारसं उचलत नाही, म्हणून तो वायुकोशांत पडून राहतो आणि त्यांना फुगवलेलं ठेवतो. नुसता ऑक्सिजन भरला की रक्त तो शोषून घेतं आणि हवेची वाट मिटलेले कोश चिमटतात. स्वीडनमधल्या हेडेनस्टिएर्ना यांच्या गटाने २००३मध्ये भुलेतल्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढून हे मोजलं. १०० टक्के ऑक्सिजन दिलेल्यांच्या फुप्फुसाचा ५.६ टक्के भाग मिटला होता, ८० टक्केवाल्यांचा १.३, आणि ६० टक्केवाल्यांचा अवघा ०.२. मग ८० टक्केच द्यावा का? त्याच अभ्यासात त्याचंही उत्तर आहे: १०० टक्केवाले श्वासाशिवाय ४११ सेकंद टिकले, ८० टक्केवाले ३०३, ६० टक्केवाले २१३. मिटलेलं फुप्फुस नळी बसल्यावर दाब देऊन उघडता येतं. नळीच बसली नाही तर हातात नसलेली मिनिटं कुठून आणणार? माझं मत १०० टक्क्यांच्या बाजूने आहे, आणि बहुतेक मार्गदर्शिकांचंही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. साठा भरलेला असला की चुकीची गोष्टही उशिरा कळते. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली, तर साध्या हवेवरचा रुग्ण मिनिटात निळा पडून चूक सांगेल. ऑक्सिजन भरलेला रुग्ण पाच-सहा मिनिटं गुलाबी राहील, ऑक्सिमीटर १०० दाखवत राहील आणि सगळे निर्धास्त. म्हणूनच नळीची जागा ठरवायला ऑक्सिमीटरकडे पाहायचंच नाही. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ पाहायचा. पोटातून तो सलग येत नाही. नळी घालून दोन-पाच श्वास दिले आणि पडद्यावर लाटा उमटल्या नाहीत, तर नळी काढायची, आकडा काहीही असो.

राहिला तो रुग्ण, ज्याला मास्कचीच भीती वाटते. बंद लिफ्टमध्ये जीव गुदमरणारी माणसं असतात; त्यांच्या नाकातोंडावर रबराचा पेला दाबला की ती डोकं हलवून तो सरकवतात, आणि तीन मिनिटांतली दीड वाया जातात. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा हे सांगून टाकावं, लाजू नये. त्यांच्याकडे उपाय असतात. मास्क रुग्णाच्याच हातात देऊन "तुम्हीच धरा, घट्ट धरा" म्हटलं की निम्मी भीती जाते, कारण काढायचा हक्क आपल्याकडे आहे हे कळतं. तेही जमत नसेल तर मास्क बाजूला ठेवून मशिनच्या नळीचं तोंडच ओठांत धरायला देतात, पाणबुड्यांसारखं. मग नाक चिमटीत धरावं लागतं, नाहीतर नाकावाटे नायट्रोजन आहेच.